चुकीच्या उत्तरांची शाळा

मला शिक्षक केलं ते माझ्या वहिनीनं. बाकी सगळ्यांनी प्रमाणपत्रं दिली.

नव्या शाळेत रुजू झालो त्या दिवशी मला दोन शब्द बोलायला लावले, तेव्हा मी एवढंच बोलून खाली बसलो. मुख्याध्यापकांना वाटलं, पोरगा घाबरला. घाबरलो होतोच, पण बोललो ते खरं होतं.

आमचं गाव धनज. घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. बाबा चौथीपर्यंत शिकले. माय शाळेत गेली ती आम्हाला सोडायला. दादा दहावी होऊन वावरात उतरला आणि त्याच्या जिवावर मी एस.टी.नं कारंज्याला ये-जा करत बी.एस्सी. झालो. निकालाच्या दिवशी बाबांनी पेढे वाटले. शेजारच्या काकांनी पेढा तोंडात टाकून विचारलं, "हे बी.एस्सी. म्हंजे काय असते?"

"मोठं काहीतरी असते," बाबा म्हणाले. "त्याले बी पुरतं माईत नाही."

पुढं काय करायचं, यावर त्या रात्रीच्या जेवणात चर्चा झाली. दादाला मी पोलिसात जावं असं वाटत होतं. मायनं माझ्या छातीकडे पाहिलं आणि भाजी वाढली. बाबांच्या ओळखीच्या एकाचं कारंज्यात कृषी केंद्र होतं, बियाणं आणि औषधांचं दुकान. तिथं माणूस हवा होता. तेवढ्यात चुलीपुढून वहिनी बोलली.

वहिनी रिठदची. लग्न होऊन आमच्या घरी आली त्याला तेव्हा फार दिवस झाले नव्हते. आमच्याकडे दीर-भावजयीच्या थट्टेला कुणी हरकत घेत नाही. उलट थट्टा बंद पडली तर घरात काही बिनसलंय असं समजतात. आमच्या घरात त्या हिशेबानं फारच चांगलं चाललं होतं.

"भाऊजी मास्तर होतीन," वहिनी म्हणाली. "परवा गोठ्यात म्हशीले समजावून राह्यले होते, कडबा बारीक करून काहून द्यायचा ते."

"म्हैस आयकत होती?" बाबांनी विचारलं.

"आयकत होती ना. बांधून ठेवेल होती."

बाबांनी थोडा विचार केला. "मंग मास्तरच होऊ दे," ते म्हणाले. "पोट्टे बी बांधेलच असतात."

माझ्या आयुष्याचा निर्णय असा झाला. मी बी.एड.ला नाव घातलं.

बी.एड.मध्ये सराव पाठ असतात. खऱ्या शाळेत जायचं, खऱ्या पोरांना एक तास शिकवायचं, आणि मागच्या बाकावर आपले सर वही घेऊन बसतात. माझा पहिला पाठ 'वनस्पतीचे अवयव' हा होता. मी वर्गात शिरलो, पोरं उभी राहिली, आणि इतके डोळे एकदम माझ्याकडे वळले की मी लगेच फळ्याकडे वळलो. तिथं एक झाड काढलं. मूळ, खोड, फांद्या, पानं. पानांना शिरा. शिरांना उपशिरा. मग रंगीत खडू घेतले. तोंडानं शिकवणं चालूच होतं, पण सगळं फळ्याला. शेवटी फुलाची पाकळी रंगवून मागं वळलो तेव्हा तास संपत आला होता आणि खिडकीजवळची दोन पोरं खिडकीबाहेर होती.

सरांनी माझ्या वहीत शेरा लिहिला: 'फलकलेखन उत्तम. पाठीमागे वर्गही होता, याची नोंद घ्यावी.'

दुसऱ्या पाठाला तेच झालं. तिसऱ्या पाठाला मी ठरवून खडू खिशात ठेवला, तर हात आपोआप डस्टरकडे गेला आणि मी स्वच्छ फळा पुन्हा पुसत बसलो. सरांनी मला बाहेर बोलावलं. माणूस मायाळू होता, पण त्या दिवशी त्यांचा आवाज मऊ नव्हता. "वार्षिक पाठाला बाहेरचे परीक्षक येतात," ते म्हणाले. "त्यांच्याकडेही पाठ करून उभे राहणार? त्यात नापास झालात तर बाकीच्या पेपरांना मी काही करू शकत नाही."

धनजच्या एस.टी.त बसलो तेव्हा मी मनातून शिक्षक राहिलो नव्हतो. जेवताना सांगून टाकलं, की मी बी.एड. सोडतो आणि कृषी केंद्रात बसतो. बाबांचा घास हातात राहिला. 

"पन झालं काय?" दादानं विचारलं.

मी सांगितलं. सांगून संपायच्या आत वहिनी पदर तोंडाला लावून हसायला लागली.

"समदा तास फळ्याशी बोलले?"

"हो."

"अन् फळा काय म्हने?"

माय हसली, दादा हसला, बाबांनी घास तोंडात घालून मान खाली घातली. मी ताट सारून उठणार, तर वहिनीचा आवाज बदलला. "बसा, भाऊजी. दुकानात बसून तुमी भिंतीले बियानं इकसान. उद्यापासून माहा वर्ग. संध्याकाळी, ओसरीत. अन् फळा भेटनार नाही."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ओसरीत खरोखरच वर्ग भरला होता. वहिनी भिंतीला टेकून मांडी घालून बसली होती, पुढ्यात निवडायची मेथी. तिच्या शेजारी पितळेच्या घागरी ओळीनं मांडलेल्या. कोपऱ्यात माय सुपात तुरीची डाळ पाखडत होती. तिला कुणी विचारलं नव्हतं, पण पटावर ती होतीच.

मी खाकरलो. "आज आपण बाष्पीभवन शिकणार आहोत. दोरीवर ओलं लुगडं वाळत घातलं. थोड्या वेळानं ते कोरडं झालं. तर पाणी कुठं गेलं?"

वहिनीनं हात वर केला. "सर, सासूनं नेलं."

"माह्या नावावर काहून टाकतं वं?" माय म्हणाली.

"आत्याबाई, वर्गात बोलायचं तं हात वर करा."

मायनं सूप खाली ठेवून हात वर केला. मी हसू दाबत म्हणालो, "चूक. दुसरं कोण सांगतं?"

आता वहिनीनं आवाज घोगरा केला. हा मधल्या बाकावरचा झोपाळू पोरगा. "सर, दोरीनं पेलं." मग नाकात बोलणारा पहिल्या बाकावरचा शहाणा. "सर, पानी कंटाळून घरी गेलं." एक घागर तिनं बोटानं वाजवली. "सर, हे मांगची पोट्टी बोलत नाही. हिले येते, पन तुमी हिच्याकडं पाहातच नाही."

असा तो वर्ग. पुढं कितीतरी संध्याकाळी भरला. वहिनीनं एकदाही बरोबर उत्तर दिलं नाही. तिला येत नव्हतं असं नाही, ती बारावी झालेली होती. मी एकदा चिडून विचारलं, "वयनी, एखादं तरी बरोबर सांगा ना!"

"बरोबर उत्तर देनारे ढीगभर भेटतीन तुमाले," ती म्हणाली. "आमच्या शाळेत मी चुकीचं सांगो अन् मास्तर मले वर्गाबाहेर उभं करे. काहून चुकलं, ते कोनी इचारलंच नाही. पन मजा होती, भाऊजी. बाहेरून समदा वर्ग दिसे."

शिकण्याची नाही, पण शाळेची तिला अजून भूक होती. खोड्या काढायची, हात वर करायची, मास्तरांच्या आवाजाची नक्कल करायची. बारावीनंतर लग्न झालं आणि ते सगळं एका दिवसात बंद पडलं. आमच्या ओसरीत ते परत सुरू झालं होतं. मी एका संध्याकाळी न सांगता मित्राच्या लग्नाला गेलो, तर दुसऱ्या दिवशी तिनं मला उंबऱ्यावर अडवलं.

"इनाअर्ज गैरहजर. अर्ज कुठं हाय?"

"मास्तर कुणाला अर्ज देतो?"

"वर्गाले. आमी काय घागरी हाओ काय?"

मी अर्ज लिहून दिला. तिनं तो माझ्याकडूनच मोठ्यानं वाचून घेतला, 'कारण पटत नाही' म्हणून नामंजूर केला, आणि मग मला ओसरीत येऊ दिलं.

या सगळ्यात माझं एक झालं. चुकीचं उत्तर आलं की मला वर बघावंच लागायचं. ती खरंच चुकली की मुद्दाम, हे तिच्या चेहऱ्यावरूनच कळायचं. डोळ्यात चमक असली तर खोडी, भुवई ताणलेली असली तर अडचण. मी चेहरे वाचायला शिकलो. एकच चेहरा, पण त्यात सगळा वर्ग होता.

वार्षिक पाठासाठी मी बाष्पीभवनच घेतलं. पाठाचं टाचण काढतात त्यात एका बाजूला शिक्षकाचा प्रश्न आणि दुसऱ्या बाजूला अपेक्षित उत्तर लिहायचं असतं. मी लिहून नेलं. सर चष्मा वर करून वाचत राहिले.

"हे काय? अपेक्षित उत्तर, 'दोरीने पाणी प्यायले'?"

"सर, असंच उत्तर येतं."

"कोण देतं?"

"वहिनी."

सरांनी टाचण मिटून माझ्याकडे परत दिलं. "तुमची वहिनी आमच्या सराव शाळेत नाही," ते म्हणाले. त्याचा अर्थ मला परीक्षेच्या दिवशी कळला.

मार्च लागून ऊन तापलं होतं. सातवीचा वर्ग. मी फळ्यावर तारीख लिहीत होतो, तेव्हा पहिल्या बाकावरचा एक पोरगा पुढं वाकून कुजबुजला, "सर, बाष्पीभवन ना? आमाले येते. तुमी भेऊ नका."

मागं परीक्षक बाई येऊन बसल्या. शेवटच्या बाकावर एक मुलगी एकटी होती, तिच्या शेजारी. घंटा झाली. मी वर्गाकडे तोंड केलं, बारीक हसलो आणि पहिला प्रश्न विचारला, "दोरीवर ओले कपडे वाळत घातले..."

"बाष्पीभवन!" सगळा वर्ग ओरडला.

मी दुसरा प्रश्न विचारला. प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर आलं. व्याख्या आली, उदाहरणं आली, उष्णता, वारा, उघडा पृष्ठभाग, सगळं आलं. ही सराव शाळा होती. दरवर्षी आमच्यासारखे भावी शिक्षक येऊन हाच पाठ घेऊन जायचे. पोरांना तो तोंडपाठ होता. मी वहिनीच्या चुका सुधारायची तयारी करून आलो होतो, आणि इथं चूक करायलाच कुणी तयार नव्हतं. कुकरची शिट्टी व्हायला लागतो तेवढ्या वेळात माझा अख्खा पाठ संपला. तास जवळजवळ सगळा उरला.

पहिल्या बाकावरच्या त्या पोरानं मला डोळ्यांनीच विचारलं, बरोबर झालं ना?

परीक्षक बाईंनी घड्याळ पाहिलं. आणि माझा हात, माझा तो जुना हात, खडूकडे गेला. मी फळ्याकडे वळलो. फळा मोठा होता, रिकामा होता, मला ओळखत होता. एक झाड काढलं असतं तर वेळ निभावून गेला असता. निदान मला तसं वाटलं. खडू टेकवला, आणि डोक्यात वहिनीचा तो प्रश्न आला: अन् फळा काय म्हने?

मी खडू ठेवून परत वळलो.

"सगळी उत्तरं बरोबर," मी म्हणालो. "आता एकही बरोबर उत्तर चालणार नाही. फक्त चुकीची सांगा. जो बरोबर सांगेल तो औट."

असा पाठ त्यांच्यावर कुणी घेतला नव्हता. "सर," पहिल्या बाकावरचा हळूच म्हणाला, "मांगं म्याडम बसल्या हायेत."

"बसू दे. आपल्या घरच्या कूलरमध्ये सकाळी पाणी भरतो. दुपारी टाकी रिकामी. पाणी कुठं गेलं?"

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मग मधल्या बाकावरून एकजण, अर्धवट उभा राहून, "कूलर पिते."

"पिते तं मंग मुतत काहून नाही?" दुसऱ्यानं विचारलं.

वर्गात हशा फुटला. पोरं बाकांवर थापा मारायला लागली. मी परीक्षक बाईंकडे पाहिलं, तर त्यांनी गुणपत्रिका तोंडापुढं धरली होती आणि ती हलत होती.

आता हात थांबेनात. पाणी खाली गळते. मग खोलीत चिखल काहून होत नाही? शेजारची चोरून नेते. कुलूप लावून पाहिलं तरी जाते, सर! पाणी पंख्यातून बाहेर उडते. मग आपण ओले काहून होत नाही? एकजण चूक सांगायचा, दुसरा ती मोडायचा, आणि मोडताना त्याला खरोखर विचार करावा लागायचा. मी एका चेहऱ्यावरून दुसऱ्या चेहऱ्यावर जात होतो. चमक, भुवई, चमक. सगळे मला ओळखीचे वाटले. ओसरीतल्या घागरींसारखे रांगेत.

शेवटच्या बाकावरची मुलगी अजून बोलली नव्हती. मी बाकांमधून चालत तिच्यापर्यंत गेलो. "तू सांग. एक चुकीचं."

तिनं आधी बाईंकडे पाहिलं. मग म्हणाली, "सर, कूलर पानी पीत नाही. हवा पिते."

एकच आरडाओरडा झाला. "सर, तिनं बरोबर सांगतलं! औट! औट!"

"मी चुकीचंच सांगत होती," ती रागानं म्हणाली. "हवा पिते तं पावसाळ्यात काहून नाही पीत? तवा तं टाकी भरेलच राह्यते!"

"हो," परीक्षक बाई एकदम बोलल्या. "तेव्हा का नाही पीत?"

मला उत्तर येत होतं, पण मी ते सांगितलं नाही. पहिल्या बाकावरचा शहाणा उभा राहिला, मुद्दाम चुकीचं सांगायचं म्हणून सगळ्यात वेडगळ उत्तर त्यानं शोधून काढलं. "सर, पावसाळ्यात हवेचं पोट पयलेच भरेल राह्यते."

"औट," मी म्हणालो.

तो बघतच राहिला. "हे बी बरोबर?"

घंटा झाली.

पोरं गेल्यावर बाईंनी माझ्या मागच्या फळ्याकडे बोट केलं. त्यावर तारीख होती आणि खडूचा एक ठिपका. "फळा कोरा आहे," त्या म्हणाल्या.

"हो, मॅडम."

"सराव कुणावर केला?"

"वहिनीवर."

"त्यांना सांगा, फलकलेखनाचे गुण गेले. बाकीचे दिले."

घरी येऊन मी ते जसंच्या तसं सांगितलं. बाबांनी दोनदा विचारलं, "म्हंजे पास ना?" वहिनी भाकर थापत होती. तिचा हात थांबला नाही. "फळ्याचे गेले तं जाऊ द्या," ती म्हणाली. "बिचाऱ्याले वाईट वाटलं असन. सवय होती त्याले तुमची."

पुढं पात्रता परीक्षा झाली, भरतीची परीक्षा झाली, आणि बरीच वाट पाहणं झालं. त्या काळातही वर्ग भरायचा. कधी गणित, कधी इतिहास, आणि सगळ्याची उत्तरं चुकीची. शेवटी नेमणूक आली ती दोन जिल्हे पलीकडे. निघायच्या सकाळी माय, बाबा, दादा रस्त्यापर्यंत आले. वहिनी आली नाही. पिशवी राहिली म्हणून मी परत घरात गेलो, तर ती ओसरी झाडत होती आणि घागरी भिंतीकडे तोंड करून आडव्या ठेवलेल्या होत्या.

"माही शाळा सुटली, भाऊजी," ती म्हणाली. एवढंच. थट्टेनं म्हणाली असं मला वाटलं. चेहरा पाहिला, तर डोळ्यात चमक नव्हती.

एस.टी.त मला पहिल्यांदा आठवलं की आपण अर्ज न देता निघालो आहोत. फोन करता आला असता, पण आमच्या वर्गाचा नियम लेखी अर्जाचा होता. रुजू झाल्यावर पहिल्याच रविवारी मी तो लिहिला आणि टपालानं धनजला पाठवला.

प्रति,
माननीय वर्ग,
ओसरी, मु. पो. धनज.

विषय : गैरहजेरीस परवानगी मिळणेबाबत.

महोदया,

वरील विषयास अनुसरून विनंती की, मला नोकरी लागल्यामुळे मी काही काळ वर्गावर हजर राहू शकत नाही. मित्राचे लग्न, ताप आणि क्रिकेटचा सामना ही माझी कारणे आपण यापूर्वी नामंजूर केली आहेत. हेही कराल याची कल्पना आहे. तरी अर्ज करतो.

मला येथे सहावी मिळाली आहे. फळा मोठा आणि गुळगुळीत आहे. मोह होतो, पण आवरतो. काल मी विचारले, दुपारी सावली लहान का होते? खिडकीजवळची एक मुलगी म्हणाली, सावली जेवायला घरी जाते. मी बरोबर उत्तर सांगणार होतो. मग तिच्या शेजारी बसलो आणि विचारले, काय जेवते? त्यावर सगळा तास गेला. शेवटी पोरे अंगणात काठी रोवून सावली मोजायला लागली. काठी मुख्याध्यापकांच्या छत्रीची निघाली. ते प्रकरण मिटले आहे.

ती मुलगी तुमच्यासारखी डोळे बारीक करते. पहिल्या दिवशी मी तिला वहिनी म्हणणार होतो.

अर्जात आभार मानायची पद्धत नाही, तरी मानतो. तुम्ही इतकी वर्षे माझ्यासाठी चुकत राहिलात. दुसऱ्या कुणी माझ्यासाठी एवढी मेहनत घेऊन चुकीची उत्तरे शोधली नसती. बाबा, दादा आणि माय यांनी मला शाळेत पाठवले. तुम्ही मला वर्गाकडे वळवले.

शाळा सुटली असे आपण म्हणालात, ते उत्तर चूक आहे. आपल्या नेहमीच्या चुकांसारखी ही चूक मला आवडली नाही. दिवाळीच्या सुट्टीत वर्ग भरेल. तोवर बदली शिक्षक म्हणून दादाची नेमणूक करावी. उलटे उत्तर दिले की त्याला राग येतो, म्हणजे आपला वेळ चांगला जाईल. मायला पहिल्या बाकावर बढती द्यावी. घागरी सरळ करून ठेवाव्यात. त्यांनी भिंतीकडे तोंड करायचे काही कारण नाही. ती सवय फार वाईट, मला अनुभव आहे.

अर्ज मंजूर असल्यास काही कळवू नये. नामंजूर असल्यास मात्र कारणे सविस्तर लिहून पाठवावीत. चुकीची असली तरी चालतील.

आपला,
वर्गाचा मास्तर